केरे, केरी आणि सायकल

आमच्या सप्तापुरात पहाटे पहिला आवाज होतो तो अभ्यासिकांची शटरे वर जाण्याचा. एके काळी हे धारवाडचे निवांत टोक होते. प्राध्यापकांची बसकी कौलारू घरे, पुढे अंगण, अंगणात फणस किंवा चिकू. आता दर दुसऱ्या घरावर पाटी आहे ती स्पर्धा परीक्षेच्या क्लासची. विजापूर, रायचूर, गुलबर्गा, आपला बेळगाव जिल्हा, सगळीकडची पोरे येतात, दहा बाय दहाच्या खोलीत तिघे राहतात आणि फौजदार व्हायचे, तहसीलदार व्हायचे म्हणून डोळे फोडून वाचतात. त्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. गरिबाच्या पोराला वर जायला ती एकच शिडी उरली आहे.

पण एक गोष्ट सांगतो. आमच्या माडीवर असाच एक मुलगा भाड्याने राहतो. मी निवृत्त मास्तर म्हणून अधूनमधून मला प्रश्न विचारायला लावतो. एकदा मी विचारले, "कर्नाटकातली रामसर पाणथळे किती?" त्याने डोळे मिटून घडाघडा सांगितले, "२०२२ साली रंगनतिट्टू. २०२४ साली अंकसमुद्र, अघनाशिनी आणि मागडी केरे. एकूण चार, सर." शाबास म्हटले आणि सहज विचारले, "आपले केळगेरीचे तळे पाहिलेस का?" तो म्हणाला, "कुठल्या जिल्ह्यात येते, सर?"

दोन वर्षे हा मुलगा सप्तापुरात आहे. केळगेरी इथून सायकलने वीस मिनिटेसुद्धा लागत नाही.

ह्यात त्या मुलाचा दोष काय? मुलाला माफ. माझे भांडण आहे ते माझ्या वयाच्या, पेन्शन घेणाऱ्या, मोटार बाळगणाऱ्या, "पूर्वीचे धारवाड राहिले नाही हो" म्हणून चहाच्या कपात सुस्कारे टाकणाऱ्या शहाण्या माणसांशी. त्यांनीही केळगेरीचे तळे पाहिलेले नाही. त्यांनी बांधावरून तळ्याचा फोटो काढलेला आहे, आणि त्यालाच ते पाहणे म्हणतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. तळे वाचवायचे असेल तर त्याच्याभोवती हळू फिरणारी माणसे पाहिजेत. आणि अख्ख्या तळ्याभोवती माणसाला हळू, निवांत फिरवून परत जेवायला घरी आणणारे सायकलसारखे दुसरे वाहन नाही. बाकी कुंपणे, कारंजी, रंगीत दिवे आणि नामफलक हे तळ्याच्या तेराव्याची तयारी आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तरांना म्हातारपणी सायकलचे वेड लागले. तेव्हा कारण सांगतो.

आपल्याकडची तळी बहुतेक माणसांनी बांधलेली आहेत. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध, बांधात पाणी सोडायची मोरी, जिला इकडे तूबू म्हणतात, जादा पाणी जायला एका कडेला सांडवा, आणि वरच्या अंगाला चहूकडून पाणी घेऊन येणारे ओढे-नाले. केळगेरीचे तळे धारवाडला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून गेल्या शतकाच्या सुरुवातीला झाले आणि त्याला सर विश्वेश्वरय्यांचे नाव जोडले जाते. ते १८८४ ते १९०८ पर्यंत मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते आणि तेव्हा धारवाड त्याच इलाख्यात होते. तळ्याचा बांध म्हणजे त्याचे तोंड. तिथे पाणी खोल असते, वारा असतो, सूर्यास्त असतो. सगळे लोक तिथेच उभे राहतात. पण तळे मरते ते तोंडाकडून कधीच मरत नाही. ते शेपटीकडून मरते. वरच्या अंगाला, जिथून पाणी आत येते, तिथे ते उथळ असते. उन्हाळ्यात ती जमीन उघडी पडते. पहिल्या वर्षी तिथे कोणीतरी विटा-मातीचा ढीग टाकतो. दुसऱ्या वर्षी त्यावर काट्यांचे कुंपण येते. तिसऱ्या वर्षी पत्र्याची शेड, चौथ्या वर्षी विजेचे मीटर, आणि पाचव्या वर्षी तिथला माणूस तक्रार करतो की पावसाळ्यात तळे माझ्या घरात शिरते!

हे सगळे बांधावरून दिसत नाही. मोटारीतून दिसत नाही, कारण मोटार तिथे जातच नाही. पायी जाणारा भला माणूस बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारतो, हात वर-खाली करतो आणि घरी जातो. पूर्ण वळसा घालायचा तर दमछाक होते, तेवढा वेळ नसतो. सायकलवाल्याला हा वळसा झेपतो. काही ठिकाणी उतरून सायकल हातात धरून चालावे लागते, एखाद्या ओढ्यात ती खांद्यावर घ्यावी लागते, पण फेरा पूर्ण होतो. आणि फेरा पूर्ण झाला की तळ्याचे सारे दुखणे कळते. अर्धे तर नाकाला कळते! कुठल्या वळणावर गटाराचा वास सुरू झाला, तो मागच्या महिन्यात होता का, हे सांगायला सायकलवाल्याला प्रयोगशाळा लागत नाही. जिथे सांडपाणी मिळते तिथून जलपर्णी पसरायला लागते, कारण तिला लागणारे खत त्या पाण्यात फुकट येते. बांधावर उभ्या असलेल्या मंडळींना ती दुरून हिरवळ वाटते. "किती छान हिरवेगार आहे!" असे म्हणताना मी ह्या कानांनी ऐकले आहे.

म्हणून मी म्हणतो, तळ्याभोवती सायकल फिरवणे ही चैन नाही, ती गस्त आहे. पोलिसाची गस्त शिट्टी वाजवत जाते, आपली घंटी वाजवत. आणि गस्त धावत घालता येत नाही.

मागे एकदा एका तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा नागरिकांना दाखवायला बैठक बोलावली होती. कोणते तळे, कोणती कचेरी, ते मी सांगत नाही. कुठलेही घ्या, आराखडा तोच असतो. भिंतीवर रंगीत चित्र लावले होते. तळ्याभोवती रुंद डांबरी रस्ता, रस्त्याच्या कडेला चकचकीत फरशी, फरशीवर परदेशी दिसणारी गोरी माणसे फिरताहेत, मध्ये संगीतावर नाचणारे कारंजे, एका कोपऱ्यात खाण्याच्या गाड्यांसाठी चौक आणि दाराशी तिकिटाची खिडकी. सगळे होते. पाणी येते कुठून तेवढे त्या चित्रात नव्हते. मी उभा राहून विचारले, "ओढे कुठे दाखवलेत?" उत्तर मिळाले, "ते पाईपमध्ये जातील." दुसरा प्रश्न विचारला, "आणि म्हशी?" सभेत हशा पिकला.

हसण्यासारखे काय होते ते मला अजून समजलेले नाही. धारवाडचा पेढा देशभर जातो, त्याला २००७ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पेढा दुधातून येतो आणि दूध म्हशीतून येते, एवढे तरी मान्य आहे ना? म्हशीच्या कातड्यात घाम काढायची सोय फार थोडी, म्हणून तिला डुंबायला पाणी लागते. उन्हाळ्यात तिला पाण्यावर नेणे हा गवळ्याचा शौक नव्हे. फेऱ्यावर मला नेहमी भेटणारी एक म्हातारी गवळण आहे. तिला मी हा आराखडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "नम्म एम्मी यल्लि होगबेक्री, मास्तर?" आमच्या म्हशींनी जायचे कुठे? बैठकीत बसलेल्या कोणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता, आणि माझ्या डोक्यात आला तो तिच्या शेजारून रोज सायकल नेतो म्हणून.

आता थोडे भाषेबद्दल. हा अंक सीमाभागाचा आहे, तेव्हा भाषेवाचून लेख पुरा व्हायचा नाही! कन्नडमध्ये केरे म्हणजे तळे आणि केरी म्हणजे आळी, वस्ती. आमच्या धारवाडी बोलीत केरेचा शेवटचा उच्चारही केरीकडे झुकतो, त्यामुळे नावावरून पाणी की वस्ती हे कळत नाही. साधनकेरीत अजून पाणी आहे. तिथे द. रा. बेंद्रे राहत होते. घरची भाषा मराठी, कविता कन्नडची, आणि १९७३ चे ज्ञानपीठ. त्यांच्या कवितेने साधनकेरी सगळ्या कर्नाटकाला माहीत झाली, तेव्हा त्या पाण्याला निदान एक कवी तरी वाली मिळाला. पण कोप्पदकेरी म्हटले, एम्मीकेरी म्हटले की आजच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांपुढे वस्ती उभी राहते. एम्मी म्हणजे म्हैस. म्हशींचे नाव मिरवणाऱ्या जागेत आज म्हैस उभी करून दाखवा! देवनागरीत पाहिले तर केरे आणि केरीत फरक एवढाच, की मात्रेची वेलांटी झाली. आमच्या गावांच्या विकासाचा सगळा इतिहास ह्या एका वेलांटीत आहे.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या सीमेबद्दल ह्या अंकात दरवर्षी लेख असतात आणि असायला हवेत. माझा मुद्दा दुसऱ्या एका हद्दीचा आहे. पाणी कुठे संपते आणि सातबारा कुठे सुरू होतो, ती हद्द. गावोगावची ही हद्द दरवर्षी थोडी आत सरकते आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंगळूरच्या तळ्यांभोवती ७५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा असा आदेश दिला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याच्या बाजूने त्यात जे असेल ते असो. सामान्य माणसाने धडा एवढाच घ्यायचा की कागदावरचा पट्टा कागदाने येतो आणि कागदाने जातो. पायाखालच्या वाटेचे तसे नसते. जी वाट शंभर माणसे रोज वापरतात ती एका रात्रीत कोणाच्या कुंपणात जात नाही.

ह्यावर "हे सगळे परदेशात शोभते" असे म्हणणारे असतात, म्हणून परदेशातलेच एक तळे सांगतो. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवर ते आहे. जर्मनमध्ये त्याला नॉयझीडलर झे म्हणतात, हंगेरियनमध्ये फेर्तो. दोन भाषा, दोन नावे, एक पाणी. सीमाभागातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मी तिथे गेलेलो नाही, माझ्या पेन्शनीत ते बसत नाही, पण त्याची हकीकत मी आवडीने वाचली आहे. पाणी सरासरी मीटरभर खोल, निम्म्याहून अधिक भाग बोरूच्या बेटांनी भरलेला. पहिल्या महायुद्धानंतर ह्या भागाची वाटणी झाली. १९२१ साली बुर्गनलांड ऑस्ट्रियाकडे गेले. शोप्रॉन शहरात त्या डिसेंबरात सार्वमत घेतले गेले आणि ते हंगेरीत राहिले. पुढे त्याच परिसरातून पोलादी पडदा गेला. तारा, बुरूज, पहारे. १९ ऑगस्ट १९८९ रोजी शोप्रॉनजवळ सीमेवर एक सहल भरवण्यात आली आणि तेवढ्या वेळात सहाशेहून अधिक पूर्व जर्मन माणसे पलीकडे निसटली. आज त्या तळ्याभोवती सुमारे सव्वाशे किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. लोक दोन-तीन दिवस काढून, वाटेत मुक्काम करत, एका देशातून दुसऱ्या देशात पॅडल मारत जातात.

२००१ साली युनेस्कोने ह्या तळ्याचा परिसर जागतिक वारसा ठरवला, आणि तो माणसांसकट ठरवला. शेते, द्राक्षमळे, गावे, कुरणे, हे सगळे मिळून तो भूप्रदेश झाला आहे, तेव्हा तो तसाच जपायचा, असा त्यातला विचार. हंगेरीच्या बाजूच्या राष्ट्रीय उद्यानात तर कुरणे राखायला जनावरे मुद्दाम चरायला ठेवली आहेत, आणि त्यांत म्हशी आहेत! होय, म्हशी. संरक्षित प्रदेशात त्यांनी म्हैस आणून ठेवली आणि आम्ही सुशोभित प्रदेशातून म्हैस हाकलली. परदेशाचे अनुकरण करायचेच असेल तर कारंज्याचे का करता, ह्याचे करा.

आमच्या बाजूलाही संरक्षित तळे आहे. गदग जिल्ह्यातले मागडी. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात, हिमालय ओलांडून, तिबेट-मंगोलियाकडून. ते पाहायला मी पहिल्यांदा गेलो तो मुलाच्या मोटारीतून, आणि ते सांगताना मला लाज वाटते. आम्ही काठापर्यंत गाडी नेली. चार दारे धडाधड लागली, नातवाने गाणे लावले, सुनेने डबा उघडला, आणि काठाजवळचे सगळे पक्षी उठून तळ्याच्या मध्याकडे गेले. आम्ही दुर्बिणीतून ठिपके पाहिले आणि परत आलो. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्यांना आम्ही बसल्या जागेवरून उठवले, एवढाच त्या सहलीचा हिशेब.

दुसऱ्या वर्षी मी एकटा बसने गेलो. गावातल्या चहावाल्याकडून त्याची सायकल मागून घेतली. कॅरिअरला दुधाचा कॅन बांधायची दोरी तशीच होती. त्या सायकलवरून तळ्याच्या कडेकडेने गेलो. कादंबांनी माना वर केल्या, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातल्या. दूध घालायला जाणारा कोणीतरी असेल, असा त्यांनी समज करून घेतला असावा. एका शेतकऱ्याने सांगितले की रात्री हे पक्षी शेतात उतरतात आणि पीक खातात. त्याचा स्वर रागाचा होता आणि कौतुकाचाही. पाव्हण्याला शिव्या देत जेवायला वाढणाऱ्या घरधन्यासारखा. हे बोलणे मला मोटारीत बसून ऐकू आले असते का?

आता विरोधी पक्षाचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप, सायकल ही गरिबाची. हा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण सगळ्यांच्या पोटात तोच असतो. आमच्या वडिलांच्या काळी सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी. म्हणजे सायकल हे वाहन होते, तिला कायद्यात जागा होती. दांडीखालून पाय घालून आम्ही ती शिकलो, गुडघे फोडून घेतले. मग स्कूटर आल्या, मोटारी आल्या, आणि सायकल दूधवाल्याकडे आणि गवंड्याकडे गेली. ३ जून २०२० रोजी अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. तो दिवस कोणता माहीत आहे? जागतिक सायकल दिन! त्या दिवशी शुभेच्छांचे संदेश पाठवणाऱ्या किती जणांनी हे वाचले असेल?

दुसरा आक्षेप, रस्त्यावर जीव जाईल. हा आक्षेप मी मान्य करतो. हुबळी-धारवाड हा बावीस किलोमीटरचा रस्ता जलद बससाठी रुंद झाला, २०२० साली त्याचे रीतसर उद्घाटन झाले. बस चांगली आहे, मी स्वतः तिने जातो. पण त्या रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहा आणि सायकलवरचा माणूस कुठून, कसा, कोणाच्या कृपेने चालला आहे ते पाहा. म्हणून तर मी तळ्याची वाट मागतो. शहरात सायकलला जागा द्यायला पैसा लागेल, वेळ लागेल. तळ्याभोवतीची वाट आज आहे. ती फक्त मोटारींना द्यायची नाही, एवढेच करायचे आहे.

तिसरा आक्षेप सायकलवाल्यांकडूनच येतो. रविवारी पहाटे अंगाला चिकटलेले कपडे आणि लाखाच्या सायकली घेऊन जी तरुण मंडळी निघतात, त्यांना माझी चाल पसंत नाही. त्यांच्या मनगटावरचे यंत्र वेग, नाडी आणि चढ मोजते. त्यांचा एक पुढारी मला म्हणाला, "काका, तुमची सरासरी फार कमी आहे." मी म्हटले, "बाळा, तुझ्या सरासरीत खंड्या बसला का?" तो चांगला मुलगा आहे, हसला. ह्या मुलांशी माझे वैर नाही. निदान ती घराबाहेर पडतात. पण मान खाली घालून तळ्याभोवती गरगर फिरणे आणि व्यायामशाळेत खिळवलेली सायकल चालवणे ह्यात तळ्याच्या दृष्टीने फरक काहीच नाही. आपल्याकडे प्रदक्षिणा घालतात ती घड्याळ लावून घालत नाहीत.

शेवटी मागण्या. मागण्यांशिवाय भांडण म्हणजे नुसता कंठशोष. तळ्याभोवतीची वाट मातीचीच राहू द्या, दोन सायकली एकमेकींना चुकवून जातील एवढी. तिच्यावर मोटार नको, मोटारसायकल नको, तिकीट नको. रात्री दिवे नकोत; पक्ष्यांना झोप लागते. म्हशींचा घाट आणि धुण्याचा दगड आहे तिथेच राहू द्या. ओढ्याची तोंडे उघडी ठेवा आणि गटार त्यात मिळण्याआधी अडवा. खर्चाचे खरे काम तेवढेच आहे, आणि आराखड्यात नेमके तेच नसते.

आणि वाचकांकडेही एक मागणी आहे. बेळगावात, खानापुरात, निपाणीत, कारवारात, जिथे कुठे हा अंक आपण वाचत असाल तिथे सायकलच्या अंतरावर एखादे पाणी असेलच. दिवाळीच्या सुट्टीत एक सकाळ काढा. फराळ झाला की माळ्यावरची सायकल खाली घ्या, कोपऱ्यावर जाऊन हवा भरून आणा, चेनला दोन थेंब तेल सोडा. पूर्ण फेरा घाला, बांधावरून परत फिरू नका. शेपटीकडच्या बाजूला कुठे भर पडली आहे, कुठे कुंपण आले आहे, ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला पुन्हा जा आणि ताडून पाहा. माझ्या अशा सात वह्या झाल्या आहेत.

माडीवरचा मुलगा गेल्या रविवारी माझ्याबरोबर आला. त्याला आठवीत असताना सरकारने दिलेली सायकल होती, ती गावी आहे, म्हणून माझ्या मुलाची जुनी काढून दिली. अर्ध्या फेऱ्यात त्याचा घसा कोरडा पडला. शेपटीकडच्या अंगाला पोचलो तेव्हा तिथे ताज्या मुरमाचे दोन ढीग होते. मागच्या रविवारी नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, हे कोणी टाकले?"

मी म्हटले, "हा प्रश्न तुझ्या पुस्तकात नाही. वही काढ."